तिसरा रँग्लर

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि नाही सापडल्या तर श्रेय आईचं. तिने लाल पेन घेऊन हा लेख दोनदा तपासला आहे.

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा मीही चारचौघांसारखं मैत्री किंवा पाऊस यावर लिहिणार होते. पण गेले सहा महिने ए. व्ही. हिल नावाचा एक माणूस डोक्यातून जात नाहीये. म्हणून त्यांच्यावरच लिहिते. त्यांची आणि माझी ओळख ऑक्सिमीटरमुळे झाली असं म्हटलं तरी चालेल.

मी जालन्याची. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना, आणि आमचं घर नवीन जालन्यात. एप्रिल २०२१. माझी दहावीची परीक्षा रद्द झालेली आणि घरात आजोबांना ताप. बाबांनी कुठून तरी खटपट करून ऑक्सिमीटर मिळवला. आजोबांच्या बोटाला लावला, आकडा आला ९१. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. शंभरपैकी ९१ म्हणजे डिस्टिंक्शनच की! समोरच्या काकू पूर्वी नर्स होत्या. त्यांनी दारातूनच आकडा विचारला आणि बाबांना आधी रिक्षा आणायला पिटाळलं. आजोबा बारा दिवसांनी घरी आले. तेव्हा काही उमगलं नव्हतं, पण ९१ हा चांगला आकडा का नव्हता हे कळायला मला चार वर्षं लागली. कळलं ते हिल यांच्या एका समीकरणातून, आणि तेही थर्ड इयरच्या अभ्यासात जायच्या वाटेवर.

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावचा. आपली ही दोन्ही लांबलचक नावं त्यांना कधीच आवडली नाहीत. आयुष्यभर सगळे त्यांना ए. व्ही. म्हणत. घराण्याचा धंदा लाकडाचा. ते तीन वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले. आईने एक मुलगा आणि एक मुलगी एकटीने वाढवली. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्त्या मिळवत मिळवत केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला आणि १९०७ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत तिसरा आला. म्हणजे तिसरा रँग्लर.

आपल्याकडे रँग्लर म्हटलं की एकच नाव आठवतं, रँग्लर परांजपे. कोकणातल्या मुर्डीसारख्या खेड्यातून जाऊन १८९९ साली ते त्याच परीक्षेत पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले, आणि परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या काळी या परीक्षेचा निकाल म्हणजे आजचा जेईईचा निकाल समजा. क्रमांक वर्तमानपत्रात छापून यायचे. अशा परीक्षेत तिसरा येऊन माणूस काय करेल? हिल यांनी गणित सोडलं!

सोडलं म्हणजे अगदी टाकून दिलं नाही. पण नुसती गणितं सोडवत आयुष्य काढायचं त्यांच्या मनात बसेना. ट्रिनिटीतले त्यांचे मार्गदर्शक वॉल्टर फ्लेचर हे शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या सल्ल्याने हिल बेडकांच्या स्नायूंकडे वळले. आपल्या घरी मुलगा सीएसला प्रवेश मिळत असताना झूऑलॉजी घेतो म्हणाला तर काय होईल, त्याची कल्पना करून पाहा.

लँगली नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना पहिलं काम दिलं. बेडकाच्या पोटाचा स्नायू घ्यायचा, त्यावर निकोटिन सोडायचं आणि तो किती आकसतो ते पाहायचं. दुसरीकडे क्युरारे हे विष वापरून तोच परिणाम कसा अडतो ते पाहायचं. इतरांनी निरीक्षणं लिहून ठेवली असती. हिल यांच्यातला रँग्लर गप्प बसेना. त्यांनी असं मानलं की निकोटिनचे कण स्नायूतल्या कुठल्यातरी ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि उठतात. बसण्याचा वेग आणि उठण्याचा वेग सारखे झाले की समतोल. यातून समीकरण निघालं ते असं : भरलेल्या जागांचं प्रमाण म्हणजे एकूण मात्रा भागिले (मात्रा अधिक एक स्थिरांक). आलेख काढला तर सुरुवातीला झरझर चढतो आणि मग हळूहळू सपाट होत जातो.

केमिकलवाल्यांनो, ओळखीचं वाटलं ना? हाच आपला लँगम्युअर आयसोथर्म! लँगम्युअर यांचा प्रसिद्ध लेख १९१८ चा, हिल यांचा १९०९ चा. हे वाचलं त्या रात्री मी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते. कोणालाही काहीही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.

आता मुख्य गोष्ट.

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि स्नायूंपाशी नेऊन सोडतं. ऑक्सिजनचा दाब वाढवत नेला तर हिमोग्लोबिन किती भरतं याचा आलेख डेन्मार्कच्या क्रिस्टियन बोर यांनी १९०४ मध्ये नीट मोजून काढला होता. (अणूवाले नील्स बोर यांचे हे वडील.) तो आलेख लँगम्युअरसारखा नव्हता. सुरुवातीला अंग चोरल्यासारखा आडवा, मग एकदम उभा चढ, आणि वर जाऊन पुन्हा सपाट. इंग्रजी एस अक्षर ओढून ताणून तिरकं केल्यासारखा. केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी आणखी एक गंमत पाहिली. हिमोग्लोबिनमधले क्षार काढून टाकले की एसचा बाक जवळजवळ नाहीसा होतो, क्षार घातले की परत येतो. असं का व्हावं?

ही गोष्ट मला पुस्तकातून समजली नाही, मंठा चौफुलीवर समजली. आमच्याकडे मंठ्याकडे जाणाऱ्या काळीपिवळ्या जीप उभ्या असतात. रिकाम्या जीपमध्ये कोणीही बसायला तयार नसतं, कारण ती भरेपर्यंत सुटणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. लोक बाजूला उभे राहून चहा पितात. पण एकदा कोणी धीर करून आत बसला की दुसरा येतो, दोघं दिसले की तिसरा, आणि मग बघता बघता जीप भरते. शेवटच्या सीटसाठी तर भांडण! स्कूटरच्या मागच्या सीटचं असं नसतं. तिथे एकच जागा. शेजारी कोण बसलंय याचा प्रश्नच येत नाही. एकच जागा असलेल्या रेणूचा आलेख लँगम्युअरसारखा येतो, आणि एकमेकांकडे बघून भरणाऱ्या अनेक जागा असल्या की एससारखा. उतरतानाही तसंच. एक उतरला की बाकीच्यांनाही उतरायची घाई होते, आणि स्नायूंना नेमकं तेच हवं असतं.

१९१० साली हे चित्र कोणालाच माहीत नव्हतं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी किती जागा असतात हेही ठरलेलं नव्हतं. त्या वर्षीच्या जानेवारीत हिल यांनी फिजिऑलॉजिकल सोसायटीपुढे एक छोटं टिपण मांडलं. छापील पानं जेमतेम चार. वय वर्षं २३, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे. त्यांनी असं धरलं की क्षारांमुळे हिमोग्लोबिनचे रेणू घोळक्याने एकत्र येत असावेत आणि एन रेणूंचा घोळका एन ऑक्सिजन एकाच दमात उचलत असावा. आमच्या जीपच्या भाषेत, टोळकं आलं तर सगळे एकदम चढणार, नाहीतर कोणीच नाही. मग समीकरण असं होतं : भरलेल्या जागा भागिले रिकाम्या जागा बरोबर (ऑक्सिजनचा दाब भागिले निम्म्या जागा भरतील तो दाब) याचा एनवा घात. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे एन. एन एक असेल तर लँगम्युअर. एन वाढत गेला की एस अधिकाधिक ताठ होत जातो.

बारक्रॉफ्ट यांच्या आकड्यांवर ही रेषा फारच सुंदर बसली. प्रश्न फक्त एकच होता. एन पूर्णांक येईना. टोळक्यात दोन जण असतील, तीन असतील, अडीच कसे असतील? शिवाय क्षार बदलले की एनही बदलायचा. लहानमोठे घोळके मिसळलेले असतील आणि ही त्यांची सरासरी असेल, असं म्हणता येत होतं. पण इथेच हिल यांनी जे केलं त्यामुळे मी त्यांच्या प्रेमात पडले. त्याच टिपणात त्यांनी सरळ लिहून टाकलं की अशा प्रकारचं समीकरण सगळ्या निरीक्षणांवर बसतं का एवढंच त्यांना बघायचं होतं. एन आणि दुसरा स्थिरांक यांना थेट भौतिक अर्थ चिकटवण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

तुम्ही म्हणाल यात काय मोठंसं? सांगते. गेल्या सेमिस्टरला आमचं एक प्रॅक्टिकल होतं. कोळशाच्या भुकटीवर ॲसेटिक ॲसिड किती चिकटतं ते टायट्रेशनने मोजायचं आणि लँगम्युअरची रेषा काढायची. माझे सहापैकी दोन बिंदू रेषेपासून लांब पडले. मी काय केलं हे हॉस्टेलमध्ये कोणाला सांगायची गरज नाही. खोडरबर होतं, सीनिअरचं जर्नल होतं. रेषा एकदम सरळ आली, सही झाली, वरून मी कन्क्लूजनमध्ये लिहिलं की पृष्ठभागावर एकच थर बसतो हे सिद्ध झालं. काहीही सिद्ध झालं नव्हतं. रेषा बसली म्हणजे तिच्यामागची गोष्ट खरी ठरत नाही, हे तेवीस वर्षांच्या मुलाला १९१० मध्ये कळत होतं. आणि त्याची रेषा तर खोडरबराशिवाय बसली होती!

घोळक्याची गोष्ट पुढे खरंच चुकीची निघाली. केंब्रिजमध्येच गिल्बर्ट अडेर नावाचे एक चिकाटीचे गृहस्थ होते. त्यांनी थंड खोलीत हिमोग्लोबिनचा ऑस्मॉटिक दाब वर्षानुवर्षं मोजला आणि १९२५ पर्यंत दाखवून दिलं की एका रेणूचं वजन ६७,००० च्या आसपास आहे. लोहाच्या प्रमाणावरून आधी जे किमान वजन काढलं होतं त्याच्या बरोबर चौपट. म्हणजे एका रेणूत चार जागा. घोळका वगैरे काही नाही. चार प्रवासी एकामागून एक चढतात आणि प्रत्येक टप्प्याचा स्थिरांक वेगळा. अडेर यांच्या समीकरणात चार स्थिरांक आहेत, ते खरं वागणं सांगतात. हिल यांची रेषा मधल्या भागात छान बसते, पण अगदी खाली आणि अगदी वर उतार एककडे झुकतो. कारण पहिला प्रवासी चढतो तेव्हा आत कोणी नसतं आणि शेवटची सीट उरते तेव्हा मागे कोणी राहिलेलं नसतं. पुढे १९६० च्या सुमारास मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनचा आकारच उलगडला आणि १९६५ मध्ये मोनो, वायमन आणि शांजो यांनी सगळा रेणू एकदम ढिला किंवा घट्ट होतो अशी मांडणी केली. हे सगळं आमच्या सिलॅबसबाहेरचं आहे, तेव्हा पुढे जाऊ.

मग हिल यांच्या एनचं काय राहिलं? तोच तर राहिला. हिमोग्लोबिनचा एन साधारण २.७ येतो. जागा मात्र चार. म्हणजे एन ही जागांची मोजदाद नाही. जागा एकमेकींचं किती ऐकतात त्याचं ते माप आहे. मुळीच ऐकत नसतील तर एक, अगदी एकजीव असतील तर चार, त्यापलीकडे जाऊच शकत नाही. त्यांनी अर्थ चिकटवला नव्हता म्हणून अर्थ बदलला तरी समीकरण टिकलं. आज औषधाची मात्रा आणि परिणाम यांचा आलेख असो की जीन चालू-बंद होण्याचा, सगळीकडे हिल कोएफिशंट असतो.

कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर करून बघा. निम्म्या जागा भरतात तो दाब पाऱ्याचे २६ मिलिमीटर धरा. फुप्फुसात दाब १००, मेहनत करणाऱ्या स्नायूत समजा २०. एन २.७ घेतला तर हिमोग्लोबिन फुप्फुसात ९७ टक्के भरतं आणि स्नायूपाशी ३३ टक्क्यांवर येतं, म्हणजे ६४ टक्के माल पोचता केला. एन एक घेतला तर वर ७९, खाली ४३. पोचले फक्त ३६. एसच्या त्या बाकावर आपण जिना चढतो.

आणि आता दाब १०० वरून ६० वर आणा. जवळजवळ निम्म्यावर गाडी आली, पण भराव ९७ वरून कुठे आला? ९० वर. वरचा भाग सपाट आहे ना! तिथून पुढे मात्र रेषा कड्यावरून उतरल्यासारखी कोसळते. आजोबांचा ९१ म्हणजे कड्याचं टोक होतं. आम्ही त्याला डिस्टिंक्शन समजत होतो आणि काकूंना ते रिक्षा बोलावण्याइतकं साधं दिसत होतं.

हिल स्वतः हिमोग्लोबिनमध्ये फार रमले नाहीत. १९०९ च्या अखेरीपासून लँगलींच्याच सुचवणीवरून ते स्नायूंच्या उष्णतेच्या मागे लागले होते आणि पुढची पन्नास वर्षं तेच करत राहिले. स्नायू एकदा आकसला की त्याचं तापमान एका अंशाच्या काही हजाराव्या भागाने वाढतं. ते मोजायला थर्मोपाइल आणि गॅल्व्हानोमीटर हवेत. ते बनवण्यात इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी बघावं असं कौशल्य होतं. त्यांना दिसलं की स्नायू आकसून झाल्यावरही कितीतरी वेळ उष्णता येत राहते आणि ती ऑक्सिजनवर अवलंबून असते. म्हणजे काम आधी उधारीवर होतं, ऑक्सिजन नंतर चुकता होतो. ऑक्सिजन डेट हा शब्द पुढे त्यांनीच रूढ केला. १९२२ चं नोबेल त्यांना आणि जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांना मिळालं. त्यात रक्ताच्या आलेखाचा उल्लेखही नाही.

स्वतः पळायची त्यांना भारी हौस. मँचेस्टरला प्राध्यापक असताना पाठीला पिशवी बांधून, तोंडात नळी धरून गोल गोल पळायचे आणि पिशवीतली हवा तपासायचे. अमेरिकेत व्याख्यानात कोणीतरी विचारलं की याचा उपयोग काय, तेव्हा त्यांनी शेवटी कबूल करून टाकलं की उपयोगासाठी नव्हे, मजा येते म्हणून करतो. (हे उत्तर प्रोजेक्टच्या व्हायवात देऊ नये.)

१९१३ साली त्यांचं लग्न मार्गारेट केन्स यांच्याशी झालं. अर्थशास्त्रातले प्रसिद्ध जॉन मेनार्ड केन्स हे त्यांचे मेहुणे. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानवेधी तोफांसाठी गणितज्ञांची एक टोळी जमवली. विमानाची उंची आरशांनी मोजायची आणि गोळा कुठे फुटेल ते काढायचं. या टोळीतले राल्फ फाउलर पुढे होमी भाभांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक झाले. १९३५ पासून ब्रिटनच्या हवाई संरक्षणाच्या ज्या समितीने रडारला पाठबळ दिलं, तिच्यातही हिल होते. १९३३ मध्ये हिटलरने ज्यू प्राध्यापकांना हाकलायला सुरुवात केली तेव्हा त्यांना आसरा देणारी संस्था काढणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत सलाम ठोकणारं हिटलरचं एक खेळणं ठेवलेलं असे. लाइपझिगहून पळून आलेला बर्नार्ड काट्झ नावाचा तरुण तिथे दाखल झाला. १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं. शिवाय १९४० ते १९४५ हिल केंब्रिज विद्यापीठातर्फे खासदार होते. आपल्याकडे विधान परिषदेला पदवीधर मतदारसंघ असतो, तसलाच प्रकार.

आणि याच काळात ते भारतात आले.

नोव्हेंबर १९४३ मध्ये आले, एप्रिल १९४४ मध्ये परतले. त्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती. इथल्या विज्ञानाची घडी कशी बसवावी याचा सल्ला भारत सरकारला हवा होता आणि रॉयल सोसायटीचे सचिव म्हणून हिल यांना धाडण्यात आलं. पाच महिने ते प्रयोगशाळा, कॉलेजं, दवाखाने पाहत फिरले. त्यांच्या अहवालात भारताचे प्रश्न चार धाग्यांचे आहेत : लोकसंख्या, आरोग्य, अन्न आणि नैसर्गिक साधनं. यातला एकच ओढून उपयोग नाही, चारही एकदम हाताळावे लागतील. मला यात त्यांचंच समीकरण दिसतं. जागा एकमेकींचं ऐकतात. संशोधनासाठी एक मध्यवर्ती यंत्रणा हवी आणि डॉक्टर घडवणारं एक अखिल भारतीय केंद्र हवं, असं त्यांनी सुचवलं. त्या केंद्राची कल्पना भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आली आणि १९५६ मध्ये दिल्लीचं एम्स उभं राहिलं. हिल भारतात असतानाच, मार्च १९४४ मध्ये, भाभांनी टाटा ट्रस्टला मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पत्र लिहिलं. टीआयएफआर १९४५ मध्ये बंगळूरला सुरू होऊन त्याच वर्षअखेर मुंबईला आली.

इथपर्यंत मला हिल यांच्याबद्दल फक्त आदर होता. पुढचं वाचलं आणि थोडी रागावले. १९५२ साली ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी भारताचं उदाहरण घेऊन एक अवघड प्रश्न विचारला. रोग हटवून आपण माणसं वाचवतो, पण ती वाचल्यामुळे लोकसंख्या वाढून पुढे उपासमार येणार असेल, तर हे वाचवणं योग्य ठरतं का? माणसं वाचवू नयेत असा सल्ला त्यांनी दिला नाही, हे मान्य. प्रश्न टाळण्यापेक्षा तो मांडणं बरं, हेही मान्य. पण माझे आजोबा त्याच वर्षी, १९५२ मध्ये, जालन्याजवळच्या एका खेड्यात जन्मले. हिवतापाच्या मोहिमेत घराच्या भिंतींवर मारलेल्या डीडीटीचे पांढरे डाग त्यांना लहानपणापासून आठवतात. हिल यांच्या प्रश्नातली ती वाचलेली माणसं म्हणजे माझे आजोबा!

आणि प्रश्नातली भीती खोटी नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आजोबा वीस वर्षांचे होते, आज मी आहे तेवढे. रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी याबद्दल ते अजूनही तोंड वाकडं करून बोलतात. पण बंगालसारखी लाखो माणसं तेव्हा मेली नाहीत. १९५१ च्या जनगणनेत देश ३६ कोटींचा होता, आज १४० कोटींच्या वर आहे, आणि धान्याची कोठारं भरलेली आहेत. त्यात आमच्या जालन्याचाही वाटा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच सुरू केली आणि संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेलं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरीकडे, पन्नासच्या दशकात बाईमागे सरासरी सुमारे सहा मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २.० आहे, महाराष्ट्रात १.७. मुलं जगू लागली तशी आयांनी कमी मुलं होऊ दिली. एक जागा भरली की दुसरीचं वागणं बदलतं, हे रक्तात ज्यांनी पाहिलं त्यांनीच लोकसंख्येची रेषा मात्र पट्टी लावून सरळ वर ओढली. इतकी वर्षं झाल्यावर मी हे म्हणते आहे, त्यामुळे माझी बाजू सोपी आहे, हेही तितकंच खरं.

पण चूक झाली तर कबूल करण्यात ते कधी मागे नव्हते. स्नायू लॅक्टिक ॲसिडमुळे आकसतो या मताला १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांच्या प्रयोगाने सुरुंग लागला. त्यावर हिल आणि मायरहोफ यांचं बरंच काम उभं होतं. हिल यांनी १९३२ मध्ये लेख लिहून ही क्रांती असल्याचं जाहीर करून टाकलं. १९३८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी स्नायूचा भार आणि वेग यांचं समीकरण दिलं. बायोमेकॅनिक्समध्ये आणि कृत्रिम हातपाय करणाऱ्यांकडे ते आजही वापरात आहे. १९५० मध्ये त्यांनी जीवरसायनवाल्यांना आव्हान दिलं की जिवंत स्नायू आकसताना एटीपी खर्च होतो हे तुम्ही सगळे मानता, पण प्रत्यक्ष कोणी दाखवलंय? खरोखरच कोणी दाखवलेलं नव्हतं. उत्तर यायला १९६२ साल उजाडलं.

हिल ३ जून १९७७ रोजी केंब्रिजमध्ये वारले. नव्वदी ओलांडली होती. अडेर त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, १९७९ मध्ये गेले.

माझं ते जर्नल अजून माझ्याकडेच आहे. मूळ वाचनं शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली होती, ती परवा शोधून काढली आणि एक्सेलमध्ये टाकून हिल यांच्या पद्धतीने लॉगचा आलेख काढला. उतार १.३ आला. याचा अर्थ काय हे मला माहीत नाही. टायट्रेशनच चुकलं असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ऑक्सिमीटर कपाटातून काढला. आजोबांना कंटाळा आला की ते तो स्वतःच लावून बघत बसतात. ९७ आला. त्यांनी विचारलं नाही, तरी मी त्यांना जीपची गोष्ट सांगितली. मंठ्याच्या जीपमध्ये पहिलं कोण बसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.